अभिप्राय, टोपणनाव आणि संपादकाचे दायित्व

ज्या लेखनप्रकाराचा समाजातील व्याप मोठा, त्याच्याकडे समीक्षेचे लक्ष उशिरा वळावे, हे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. जात्यावरील ओव्यांचे असेच झाले, तमाशातील वगाचेही झाले. आज मराठी माणूस हातात लेखणी न धरता जे लेखन रात्रंदिवस करीत असतो, त्याचीही स्थिती काहीशी तशीच आहे. आंतरजालावर प्रसिद्ध होणाऱ्या बातमीखाली, लेखाखाली किंवा कुणा कवीच्या कवितेखाली वाचक दोन-चार ओळी लिहून जातो, त्या अभिप्रायाविषयी मी बोलत आहे. त्याची चर्चा वकील करतात, पोलीस करतात, क्वचित मानसशास्त्रज्ञही करतात. परंतु हे अखेर भाषेत केलेले लेखन आहे आणि त्याचे गुणदोष भाषेच्या कसोटीवर पारखले जावेत, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाला सुचू नये याचे नवल वाटते. ते काम प्रस्तुत लेखात थोडेसे करून पाहावयाचे आहे. लेखाचा रोख दोन प्रश्नांवर राहील. अभिप्रायकर्त्याच्या नावाची गुप्तता कितपत राखावी, हा पहिला. आणि अभिप्राय आक्षेपार्ह निघाला तर त्याचे उत्तरदायित्व कोणाकडे, हा दुसरा. हे दोन प्रश्न सामान्यतः वेगळे मांडले जातात. माझ्या मते ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की, एकाचे उत्तर चुकले म्हणजे दुसऱ्याचेही चुकते.

आरंभीच एक भेद स्पष्ट करावयास हवा. निनावी लेखन आणि टोपणनावाचे लेखन या दोहोंना आपण सरसकट 'नाव लपविणे' म्हणतो. वस्तुतः त्यांच्यात फार मोठे अंतर आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रातून त्यांनी 'लोकहितवादी' या नावाने जी पत्रे लिहिली, त्यांत स्वतःच्याच समाजावर त्यांनी अत्यंत कठोर प्रहार केले. ती पत्रे आज 'शतपत्रे' म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु 'लोकहितवादी' या नावालाही एक चारित्र्य होते. पत्रामागून पत्र त्याच नावाने येत होते. मागील आठवड्यात काय लिहिले याची जबाबदारी पुढील आठवड्यात त्याच नावावर येत होती. आणि 'प्रभाकर'चे संपादक भाऊ महाजन मधे उभे होते. टोपणनावाला अब्रू असते आणि ती जपावी लागते. निनावी चिठ्ठीला गमवावयाचे काही नसल्यामुळे जपावयाचेही काही नसते. केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज ही नावे मराठी रसिकाने जन्मनावांहून अधिक आपली मानली, यावरूनही हे ध्यानात येईल.

टोपणनाव एखाद्या लेखकाला केवळ शोभेसाठी नव्हे, तर संरक्षणासाठी किती आवश्यक असू शकते याचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण विभावरी शिरूरकर हे आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि १९३४ मध्ये 'हिंदोळ्यावर' ही कादंबरी आली. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित राहिलेल्या मुलींच्या मनातील घुसमट त्या कथांत प्रथमच अशा स्वच्छपणे बोलून दाखविली होती. त्यावर जे वादळ उठले त्याचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. कथा खऱ्या की खोट्या, कलात्मक की प्रचारकी, यापेक्षा लिहिणारी कोण, याच प्रश्नाने वाचकवर्ग अधिक अस्वस्थ झाला होता. ही बाई आहे की बाईच्या नावाआड लपलेला पुरुष आहे, येथपर्यंत तर्क चालले. जिला शोधून काढावयाचे ती बाळूताई खरे, पुढे मालतीबाई बेडेकर, शिक्षणसंस्थेत काम करणारी स्त्री होती. तिचे नाव त्याच वेळी उघड झाले असते तर संग्रहातील कथांची समीक्षा झालीच नसती. लेखिकेच्या चारित्र्याची चौकशी मात्र झाली असती. प्रकाशक ह. वि. मोटे यांना अर्थातच नाव ठाऊक होते आणि त्यांनी ते गुपित राखले. नाव एका जबाबदार माणसापाशी आहे आणि तो ते जगाला सांगत नाही, ही जी व्यवस्था येथे दिसते, ती या लेखाच्या विषयाचा गाभा आहे. हेच मोटे पुढे 'विश्रब्ध शारदा' या नावाने साहित्यिक आणि कलावंत यांचा पत्रव्यवहार ग्रंथरूपाने प्रकाशात आणते झाले. 'विश्रब्ध' म्हणजे विश्वासून मोकळी झालेली. खासगी पत्रे छापावयाची असतील तर विश्वासाचाच आधार घ्यावा लागतो, हे त्या संग्रहाच्या नावातच ध्वनित झाले आहे.

येथे शब्दाविषयी थोडे विषयांतर करतो. इंग्रजीतील कल्पनेसाठी आपण हल्ली 'गोपनीयता' हा शब्द सर्रास योजतो. मला तो पसंत नाही. गोपनीय म्हणजे लपविण्याजोगे. आणि लपवितो त्याच्याविषयी संशय येणे स्वाभाविक. 'ज्याचे काही वाईट नाही त्याने लपवावे कशाला?' हा जो युक्तिवाद सुशिक्षितांच्या तोंडीही ऐकू येतो, तो या शब्दानेच पोसला आहे. याउलट 'खासगी' हा आपला जुना, संस्थानी कारभारात रुळलेला शब्द पाहावा. होळकरांच्या राज्यात 'दौलत' निराळी आणि 'खासगी' निराळी असे. खासगी म्हणजे राणीच्या स्वतःच्या उत्पन्नाचे, तिच्या अखत्यारातील स्वतंत्र खाते. इंदूरकर वाचकांना हे सांगावयास नको. अहिल्याबाईंच्या धर्मकृत्यांशी तो शब्द तेथे आजही जोडलेला आहे. त्या खात्यात लपविण्यासारखे काही होते म्हणून ते वेगळे नव्हते. त्यावर हुकूम कोणाचा, हे ठरलेले होते म्हणून ते वेगळे होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने जो हक्क मूलभूत म्हणून मान्य केला, तो या दुसऱ्या अर्थाच्या जवळचा आहे. माणसाने काय दडवावे हा त्यातील मुद्दा नसून, स्वतःविषयीच्या गोष्टींवर हुकूम कोणाचा, हा आहे. म्हणून 'खासगीपण' हाच शब्द मी पुढे वापरणार आहे.

आता दायित्वाचा विचार. मुद्रित पत्राच्या बाबतीत हा प्रश्न आपल्याकडे फार पूर्वी सुटला होता. १८६७ च्या कायद्याने प्रत्येक छापील वस्तूवर मुद्रकाचे, आणि प्रकाशक असल्यास त्याचे, नाव छापण्याचे बंधन घातले. २०२३ च्या नव्या कायद्याने नियतकालिकांपुरती त्याची जागा घेतली. मजकूर कोणीही पाठविलेला असो, छापणारा त्याला बांधलेला. याची किंमत टिळक-आगरकरांनी १८८२ साली मोजली. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या हातची म्हणून जी पत्रे त्यांच्यापर्यंत आली होती, ती बनावट ठरली. 'केसरी' आणि 'मराठा' यांतून त्या आधारावर झालेल्या टीकेबद्दल बदनामीचा खटला होऊन दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. हेतू शुद्ध होता, हे बर्व्यांच्या बाजूच्या लोकांनीही कदाचित मान्य केले असते. तथापि दुसऱ्याने पुरविलेला मजकूर आपल्या पत्रात घातला म्हणजे तो आपला झाला, हा धडा मराठी पत्रसृष्टी तेव्हा शिकली. 'नाव-पत्ता संपादकांपाशी आहे' एवढीच ओळ छापून वाचकाचे पत्र प्रसिद्ध करण्याचा जो प्रघात पुढे पडला, त्यात भीतीचा अंश असेल. पण शहाणपणाचाही आहे.

आंतरजालाने ही व्यवस्था उलटी केली. लिहिणारा आणि वाचणारा यांच्या मधे जे संकेतस्थळ उभे असते, त्याला आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ७९ वे कलम 'मध्यस्थ' समजते. संपादक समजत नाही. भिंत त्याची, लेखन दुसऱ्याचे. तेव्हा दुसऱ्याच्या लेखनाचा दोष भिंतीच्या मालकाला नाही, अशी ही कल्पना आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही, हे मान्य करावयास हवे. दिवसाला लक्षावधी अभिप्राय येतात तेथे प्रत्येक ओळ आधी वाचून मग छापा असे म्हणणे म्हणजे छापूच नका असे म्हणणे आहे. पण मालक भिंतीवर जमणाऱ्या गर्दीतून उत्पन्न काढीत असेल तर? एस्टोनियातील 'डेल्फी' या वृत्तस्थळाच्या प्रकरणात हाच पेच युरोपीय मानवाधिकार न्यायालयापुढे आला. २००६ च्या जानेवारीत एका जहाज कंपनीविषयीच्या बातमीखाली १८५ अभिप्राय आले. त्यांतील सुमारे वीस शिवीगाळीचे आणि धमकीचे होते. ते सहा आठवडे तसेच राहिले. वकिलाचे पत्र येताच स्थळाने ते त्याच दिवशी काढले, तरीही त्याला जबाबदार धरण्यात आले आणि २०१५ च्या जूनमध्ये न्यायालयाच्या महापीठाने पंधरा विरुद्ध दोन मतांनी तो निर्णय उचलून धरला. दंड केवळ ३२० युरोंचा होता. मला त्या निर्णयातील एक गोष्ट विशेष वाटते. बातमीत दोष नव्हता, हे सर्वांना मान्य होते. दोष धरला गेला तो, पुढे काय होणार हे ओळखण्याजोगे असतानाही न पाहिल्याचा. हा संपादकाचा जुना धर्मच नव्हे काय?

मात्र याच्या उलट टोकाला गेले म्हणजे काय होते, हे आपण आपल्याच घरी पाहिले आहे. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या अंत्ययात्रेच्या दिवशी मुंबई बंद राहिली, त्याविषयी पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्यांना केवळ पसंती दर्शविली. दोघींनाही अटक झाली. त्या कायद्याच्या ६६-अ कलमात 'त्रासदायक', 'गैरसोयीचे', 'अत्यंत आक्षेपार्ह' असे शब्द होते. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको की या शब्दांना कडा नाहीत. ज्याच्या हाती ते द्यावे त्याच्या स्वभावाचा आकार ते घेतात. श्रेया सिंघल प्रकरणात २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी अशा तीन पायऱ्या न्यायालयाने सांगितल्या आणि तिसरीवर पाऊल पडेपर्यंत राज्यसंस्थेने हात घालू नये, असे ठरविले. समीक्षेच्या दृष्टीनेही ही विभागणी उपयोगी आहे. एखादा अभिप्राय मला बोचला, एवढ्यावरून तो चिथावणीखोर ठरत नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त लोकहितवादींवर आणि जोतीराव फुल्यांवर जे लिहिले ते किती बोचरे आणि कित्येक ठिकाणी किती अन्यायकारक होते, हे आज आपण निःसंकोच म्हणतो. तरी ते पुसून टाकावे असे कोणी म्हणत नाही. त्याला उत्तर देता येते, कारण ते सहीचे आहे.

मग सर्वांना खऱ्या नावाने लिहिण्याची सक्ती करावी, असा सोपा उपाय कोणी सुचवील. तो करून पाहिला गेला आहे. दक्षिण कोरियाने २००७ पासून मोठ्या संकेतस्थळांवर अभिप्राय लिहिणाराची ओळख पटवून घेण्याचे बंधन घातले. परिणाम असा की, कोट्यवधी नागरिकांची खरी नावे आणि ओळखक्रमांक खासगी कंपन्यांच्या दप्तरी गोळा झाले. आणि २०११ मध्ये तेथील दोन जोडस्थळांवर दरोडा पडून सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीस गेली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तेथील घटनान्यायालयाने तो कायदाच रद्द केला. या अनुभवातील बोध दुर्लक्षिण्याजोगा नाही. मोट्यांपाशी एक नाव होते आणि ते त्यांनी जपले. कारण ते त्यांच्यावर विश्वासून सोपविलेले होते. आजच्या कंपनीपाशी कोट्यवधी नावे आहेत आणि ती तिच्या व्यापाराचा माल आहेत. तेथे 'नाव मध्यस्थापाशी असावे' हा जुना नियम जसाच्या तसा लावणे म्हणजे सावकाराला विश्वस्त समजणे होय. आपल्याकडील २०२१ च्या नियमांनी मोठ्या संदेशसेवांना, न्यायालयाच्या किंवा सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशावरून, संदेशाचा मूळ लेखक शोधून देण्यास सांगितले. त्याच नियमांतील तक्रारनिवारण अधिकारी नेमण्याची आणि चोवीस तासांत तक्रारीची पोच देण्याची तरतूद मला स्वागतार्ह वाटते. ही मूळ लेखकाची तरतूद वाटत नाही. शाळेच्या भिंतीवर कोणी काही लिहिले तर ते पुसून घ्यावे, हे मी जाणतो. परंतु त्यासाठी सर्व मुलांच्या वह्या जप्त करून हस्ताक्षरे ताडून पाहणारा मुख्याध्यापक मला शिक्षक वाटणार नाही.

आता ज्या भागाकडे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी मुद्दाम लक्ष द्यावे, त्याकडे येतो. अभिप्राय आक्षेपार्ह आहे की नाही हे ठरविण्याचे काम आज बहुतांशी यंत्रे करतात. पुण्याच्या अभ्यासकांनी २०२२ मध्ये पंचवीस हजारांहून अधिक मराठी ट्वीट गोळा करून ते द्वेषमूलक, आक्षेपार्ह, शिवराळ आणि निर्दोष अशा चार वर्गांत माणसांकरवी लावून घेतले, ते या यंत्रांना शिकविण्यासाठीच. काम परिश्रमाचे आहे आणि त्याची थट्टा मी करणार नाही. पण मराठी शिवी ही शब्दात असते हे गृहीतच तपासावयास हवे. मराठीत अपमानाची खरी कला उपरोधात आहे. 'बाई फारच विदुषी दिसतात' या वाक्यात एकही वाईट शब्द नाही. वयाने मोठ्या लेखिकेला कोणी नुसते 'तू' म्हटले, तर त्या एका अक्षराने जे होते ते चार शिव्यांनी होणार नाही. उलट तळकोकणात जिव्हाळ्याच्या दोन माणसांत शिवीवाचून बोलणे पुढे सरकत नाही. 'वस्त्रहरण' नाटकाने मालवणीचा तो रंग साऱ्या महाराष्ट्राला दाखविला. गोव्यातील वाचकाला हे सांगणे म्हणजे समुद्राला मिठाची ओळख करून देणे. बेळगावकडे सहज उच्चारलेला शब्द ग्वाल्हेरच्या कानाला उद्धट वाटतो, आणि ग्वाल्हेरची अदब पुण्यात टोमणा ठरू शकते. निषिद्ध शब्दांची यादी हातात घेऊन बसलेले यंत्र नामदेव ढसाळांच्या १९७२ च्या 'गोलपिठा'तील पान न् पान काढून टाकील आणि शुद्ध, संस्कृतप्रचुर मराठीत लिहिलेले जातिद्वेषाचे विष सन्मानाने छापील. 'श्यामा' कथेवरील अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६९ साली लेखक निर्दोष ठरला, तेव्हा न्यायमूर्तींना ती कथा समग्र विचारात घ्यावी लागली होती. समग्र वाचणे ही गोष्ट यादीने होत नाही.

शिवाय या माऱ्याचे लक्ष्य सर्व लेखक सारखे नसतात. इंग्लंडच्या 'गार्डियन' पत्राने २०१६ मध्ये आपल्याकडील सात कोटी अभिप्रायांची छाननी केली. ज्या दहा लेखकांच्या वाट्याला सर्वाधिक आक्षेपार्ह मजकूर आला, त्यांत आठ स्त्रिया होत्या आणि उरलेले दोघे कृष्णवर्णीय पुरुष होते. १९३३ च्या पुण्या-मुंबईला हे ऐकून आश्चर्य वाटले नसते.

बृहन्महाराष्ट्रातील आपल्या वस्त्यांना हा प्रश्न आणखी एका अंगाने लागू होतो. बडोद्यात किंवा हैदराबादेत मराठी घरे मोजकी. कोण कोणाचा भाचा आणि कोणाची सून कोणत्या शाळेत, हे सर्वांना ठाऊक. तेथे 'एक त्रस्त पालक' अशी सही केली तरी दुसऱ्या ओळीतील तपशिलावरून माणूस ओळखू येतो. महानगराच्या गर्दीसाठी आखलेले खासगीपणाचे नियम अशा ठिकाणी अपुरे पडतात. नाव झाकले, पण तपशील उघडा राहिला, तर झाकले काहीच नाही.

आणि हा केवळ आजच्या लेखनाचा प्रश्न नाही. आपल्या अनेक संस्था जुन्या अंकांची पाने टिपून आंतरजालावर ठेवू लागल्या आहेत. हे पुण्यकर्म आहे. परंतु त्या अंकांत लेखकांचे आणि वाचकांचे राहते पत्ते आहेत, पत्रव्यवहारात एकमेकांवर केलेले वैयक्तिक आरोप आहेत, कोणाच्या घरगुती दुःखाच्या दोन ओळी आहेत. ते छापले गेले तेव्हा अंक काहीशे घरांत जात होता आणि वर्षभरात रद्दीत वा कपाटात जाऊन विसावत होता. आता कोणीही एक नाव टाकताच ती ओळ वर येते. युरोपीय न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी स्पेनमधील एका गृहस्थाच्या तक्रारीवर असा निर्णय दिला की, १९९८ च्या वृत्तपत्रातील त्याच्या घराच्या लिलावाची सूचना पत्राच्या दप्तरात राहू द्यावी, पण त्याच्या नावाने शोधणाऱ्याला गूगलने ती दाखवू नये. हा मध्यममार्ग मला विवेकाचा वाटतो. अकादमीच्या ग्रंथालयातील बांधीव प्रत संपूर्ण असावी. तिच्यातील एक अक्षरही पुसू नये. संशोधकाला ती मागताच मिळावी. आंतरजालावरील प्रतीत मात्र राहते पत्ते झाकावेत. आणि एखाद्या हयात व्यक्तीने किंवा तिच्या मुलाबाळांनी आपल्याविषयीच्या जुन्या पत्राबद्दल लेखी हरकत घेतली, तर ती ऐकून निर्णय देणारा एक माणूस, नावानिशी, प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर नमूद असावा. त्याला संपादक म्हणावे की आणखी काही, हे कार्यकारिणीने ठरवावे.